सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या पाली वेगळी प्रजाती असतील का? डीएनएवरून कळेल?

मालवणचो_झिल: नमस्कार मंडळी. मी मालवणचा, झूलॉजीला आहे, आता प्रोजेक्टचा विषय द्यायचाय. आमच्या किल्ल्यावर पाली चिक्कार, तटाच्या भेगाभेगांत दिसतात. बेटांवरच्या सरड्यांची उत्क्रांती शिकल्यापासून डोक्यात एकच घोळतंय, की किल्ला पण बेटच आहे ना, चारी बाजूंनी समुद्र, मग इथल्या पाली किनाऱ्यावरच्यांपेक्षा वेगळ्या झाल्या असतील का, आणि डीएनए काढून फायलोजेनेटिक ट्री, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारी वंशावळ, बनवला तर ते दिसेल का? कॅरिबियनमध्ये अ‍ॅनोलिस सरड्यांवर असंच काम झालंय असं वाचलं. आमच्या कॉलेजात डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन नाही, तरी काही जमेल का तेही सांगा.

कातळपाल: प्रश्न भारी आहे. आधी अ‍ॅनोलिसचं नेमकं काय झालं ते बघ. क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका, प्वेर्तो रिको ही चार मोठी बेटं, आणि त्यांच्यावर तेच ते प्रकार परत परत दिसतात, बारीक फांदीवरचा आखूड पायांचा, खोडाच्या बुंध्याशी बसून जमिनीवर झेप घेणारा लांब पायांचा, शेंड्यातला दांडगा हिरवा. नुसतं बघितलं तर वाटेल की सगळ्या बेटांवरचे फांदीवाले एकमेकांचे सख्खे भाऊ. १९९८ साली जोनाथन लोसोस आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला, आईकडून येणारा) ट्री काढला तर जमैकातला फांदीवाला जमैकातल्याच लांब पायवाल्याच्या जवळचा निघाला, हिस्पॅनिओलातल्या फांदीवाल्याशी त्याचं नातं लांबचं. म्हणजे तशीच जागा मिळाली की वेगवेगळ्या बेटांवर तसंच शरीर पुन्हा नव्याने घडलं. हे डोळ्यांनी कधीच कळलं नसतं, ट्रीमुळे कळलं.

पण तिथे हातात कोट्यवधी वर्षं होती. आपल्या किल्ल्याचं गणित करून बघ. शेवटच्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा आपला किल्ला ज्यावर आहे ते कुरटे बेट म्हणजे जमिनीवरचा एक कातळ, पाल चालत जायची. पाणी आजच्या पातळीजवळ आलं त्याला सहा-सात हजार वर्षं. आता सरड्या-पालींच्या कामात खूप वापरतात तो एनडी२ जीन घे, साधारण हजार अक्षरांचा (डीएनएची अक्षरं म्हणजे ए, टी, सी, जी). दोन फांद्या वेगळ्या झाल्यावर त्यांच्यात दहा लाख वर्षांत शंभरातली ढोबळमानाने एक-दोन अक्षरं वेगळी होतात, कुठे ए चा जी, कुठे सी चा टी. म्हणजे हजार अक्षरांत दहा-वीस. सात हजार वर्षांत किती? एकसुद्धा पूर्ण होत नाही. त्यात १६६४ पासून किल्ल्यावर होड्यांतून चुना, लाकूड, धान्य जातंय, आज टुरिस्ट जातात, आणि घरातल्या पाली सामानाबरोबर फिरण्यात पटाईत. त्यामुळे ट्रीवर किल्ला आणि मालवण एकात एक मिसळलेलेच दिसतील असं माझं स्पष्ट मत.

वेंगुर्ल्याची_शाल्मली: दादाचं बरोबर आहे पण त्यातून छोट्या बेटावर काहीच घडत नाही असा अर्थ काढू नकोस हं. क्रोएशियातलं उदाहरण बघ. १९७१ मध्ये पोद कोपिश्ते नावाच्या बेटावरून इटालियन वॉल लिझर्डच्या पाच जोड्या शेजारच्या पोद म्र्चारूवर सोडल्या, ३६ वर्षांनी बघितलं तर तिथल्या सरड्यांची डोकी मोठी, चावा जोरदार, पोटात पाला मूळ बेटावरच्यांपेक्षा खूप जास्त, आणि आतड्यात पाला पचवायला मदत करणाऱ्या झडपा, ज्या मूळ बेटावरच्यांत नव्हत्या. मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र मूळ बेटासारखाच, त्यावरूनच तर खात्री पटली की हे त्याच पाच जोड्यांचे वंशज. मला हे उदाहरण फार आवडतं कारण शरीर एक गोष्ट सांगतं, डीएनए दुसरी, आणि दोन्ही खऱ्या. किल्ल्यावर काही करायचंच तर फोटो आणि निरीक्षणं घे, पकडू नकोस, वनखात्याची परवानगी लागते आणि किल्ला संरक्षित स्मारक आहे.

कातळपाल: शाल्मली, छान उदाहरण दिलंस. बाबा, तुला बेटंच हवी असतील तर पाण्याकडे पाठ फिरव आणि सड्यावर ये. जांभ्याचा उघडा कातळ, खाली उतरलं की झाडी, वाडी, भातखाचरं, मग पलीकडे पुढचा सडा. उघड्या कातळावरच राहणाऱ्या जिवाला मधली दरी म्हणजे समुद्रच. आपल्याकडे हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस नावाची पाल आहे, १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून वर्णन केलेली. भिंतीवर चढणारी नव्हे, जमिनीवरची, दिवसा सड्यावरच्या सुट्या दगडाखाली बसलेली असते आणि अंगावर एकमेकांवर चढलेले खवले. दिसायला इतकी वेगळी की तेव्हा तिला टेराटोलेपिस या निराळ्या जीनसमध्ये (प्रजातींच्या वरच्या गटात) टाकलेलं. २००८ मध्ये डीएनएचा ट्री आला तर ही मंडळी थेट हेमिडॅक्टायलसच्या आतच बसली, मग टेराटोलेपिस जीनसच मोडीत निघाला. त्याच वर्षी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची हेमिडॅक्टायलस सातारेन्सिस वर्णन झाली, तीही याच जमिनीवाल्या गटातली. एक घाटावरच्या पठारावर, एक कोकणातल्या सड्यावर, मध्ये अख्खा सह्याद्रीचा उतार. यांच्यात फाटा कधी फुटला, हा तुझा खरा बेटांचा प्रश्न. आणि सडे चिरेखाणी आणि कलमांच्या बागांपायी भराभर फुटतायत, तेव्हा हे काम आत्ताच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मशीन नसली तरी चालेल. जेनबँक या ऑनलाइन डेटाबेसवर इतरांनी काढलेले सीक्वेन्स, म्हणजे डीएनएची अक्षरमाला, फुकट मिळतात, ट्री काढायचं मेगा सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

मालवणचो_झिल: बापरे, हे तर घराशेजारचं निघालं. सड्याचाच विषय घेतो. शाल्मलीताई, आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी गटाबाहेरची पाल, कुठली घेऊ?

वेंगुर्ल्याची_शाल्मली: हेमिडॅक्टायलस फ्रेनॅटस घे, घरातली नेहमीची पाल, जमिनीवाल्या गटाच्या बाहेरची आहे आणि तिचे सीक्वेन्स भरपूर आहेत. सगळ्यांचा एकच जीन घे, एकाचा सायटोक्रोम बी आणि दुसऱ्याचा एनडी२ असं मिसळलंस तर अलाइनमेंटच, म्हणजे अक्षराखाली अक्षर जुळवणं, होणार नाही. बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदी किती भरवशाची ते सांगणारा शंभरातला आकडा, ७० च्या खाली असलेल्या फांदीवर निष्कर्ष उभा करू नकोस. आणि प्रत्येक सीक्वेन्सची लोकॅलिटी, म्हणजे नमुना कुठून घेतला ते, तपास, नुसतं "इंडिया" लिहिलं असेल तर सड्याच्या प्रश्नाला त्याचा काही उपयोग नाही.