पोट्टे फौजेत जावेत असं वाटते, मग त्यांना गप्प काऊन बसवता?

धुरेकरी (दारव्हा)
आमच्या गावात पहाटे चारला पंधरा-वीस पोट्टे डांबरीवर धावतात. फौजेच्या भरतीत पूर्ण गुण हवे तर १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचे असतात. त्यातल्या एकाच्या बुटाचा तळवा उकललेला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून पळायचा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना त्यानं गावच्या ग्रुपवर विचारलं, “सीमेवरच्या गावांत लोकांसाठी बंकर पुरेसे आहेत का?” तासाभरात ठाण्यातून फोन. दोन तास बसवून ठेवलं आणि ऐकवलं, “भरतीच्या चारित्र्य पडताळणीत पाहू तुझं.” तेव्हापासून तो डांबरीवर आला नाही.

त्याच दिवसांत पुण्यात इंजिनीअरिंगच्या १९ वर्षांच्या मुलीला एका पोस्टवरून अटक झाली. उच्च न्यायालयानं २७ मे रोजी तिला सोडायला सांगितलं आणि सरकारलाही सुनावलं. आमच्या पोट्ट्यानं कोणत्या कोर्टात जावं? लढाईच्या काळात लोकांचे हक्क जपले, तरच पोट्टे मनापासून फौजेत जातील.

निवृत्त हवालदार (नेर)
भाऊ, अर्धीच बाजू सांगता. लढाईत तोंड आवराच लागते. पुलगावचा दारूगोळा भांडार आपल्यापासून काही लांब नाही. २०१६ मध्ये तिथं आग लागली तेव्हा किती जीव गेले, आठवते ना? फौजेच्या गाड्या दिसल्या की मोबाईल काढणारे पोट्टे मी डोळ्यानं पाहिलेत. सरकारनं चॅनेलवाल्यांनाही फौजेच्या हालचाली थेट दाखवू नका म्हणून बजावलं होतं. मी २४ वर्षं वर्दीत काढली. घटनेच्या कलम ३३ मुळं आमचे हक्क कमीच होते, तक्रार नाही केली.

धुरेकरी
काका, गाडीचा व्हिडिओ टाकणं आणि बंकर पुरेसे आहेत का विचारणं, हे एकच कसं?

मास्तर (पांढरकवडा)
देश राहिला तर हक्क राहतील. चार दिवस प्रश्न नाही विचारले तर काही बिघडत नाही. लढाई संपली की विचारा खुशाल.

वकील (वर्धा)
मास्तर, १९६२ ची लढाई महिनाभरात थांबली. तेव्हा लागलेली आणीबाणी उठली थेट जानेवारी १९६८ मध्ये. असे असतात चार दिवस! १९७५ च्या आणीबाणीनंतर, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही असं ठरवलं, ते उगाच नाही. आणि मे २०२५ मध्ये आणीबाणी लागलीच नव्हती. त्या पोट्ट्याचं बोलण्याचं स्वातंत्र्य तेव्हा जसंच्या तसं होतं.

अग्निवीराची बहीण (पुसद)
तुम्ही सगळे बोलण्याबद्दलच बोलता, आमच्या वावराबद्दल, शेतीबद्दल कोणी बोलेल का? माझा भाऊ २०२३ मध्ये फौजेत गेला. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवतात. बाकीच्यांना ११.७१ लाखांच्या आसपास निधी, पेन्शन नाही. तेही त्यानं पत्करलं. पण बाबा गेले आणि शेजाऱ्यानं नांगराची दोन तासं आत घेऊन धुरा, म्हणजे आमचा बांध, कोरला. पहिल्या पावसाआधी बांधावरचं बाभळीचं खोडही उपटलं, म्हणजे खूणच राहू नये. आई एकटी तारखेला जाते. भाऊ फोनवर रोज तेच विचारतो, “धुऱ्याचं काय झालं?” आता सांगा, लहान भावाला जा म्हणू मी?

वकील (वर्धा)
ताई, १९२५ चा जवानांच्या दाव्यांचा कायदा आहे. लढाईवर किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या जवानाला हजर राहता येत नसेल, तर त्याच्यामागं दावा रेटता येत नाही. भावाच्या युनिटकडून पत्र मागवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज द्या, पोच घ्या.

निवृत्त हवालदार (नेर)
हे खरं आहे. माझ्या पलटणीतल्या एकाचं वावर असंच गेलं, त्याला हे कोणी सांगितलंच नाही. रात्रभर पहाऱ्यावर तो धुऱ्याचंच बोलायचा. ताई, नेरला या, अर्ज मी लिहून देतो.

व्हिडिओबाबत माझं मत तेच आहे. पण बंकरचा प्रश्न विचारला म्हणून भरतीची धमकी देणं चूक. धुरेकरी, रविवारी त्या पोट्ट्याला घेऊन ये, ठाण्यात मी सोबत येतो. त्याच्या बुटाचा नंबरही कळव.