आत्याचा वाटणीचा दावा ११ वर्षं अडकलाय, हायकोर्टात काही करता येतं का? (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी, मोठं झालंय पण पूर्ण वाचा प्लीज.

माझी आत्या ७६ वर्षांची, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात सासरचं जुनं घर आहे, काका गेल्यापासून एकटीच वरच्या मजल्यावर राहते आणि आता तिला जिना चढवत नाही. खाली दिराची मुलं, ते खोली सोडत नाहीत म्हणून तिने वाटणीचा दावा लावला, त्याला ११ वर्षं झाली. कधी जजसाहेबांची बदली, कधी वकिलांचा संप, कधी समोरच्या वकिलांचा तहकुबीचा, म्हणजे तारीख पुढे ढकलायचा अर्ज. तिची उलटतपासणी अर्धी राहिलीये तीच गेल्या सहा पेश्यांपासून (तारखांपासून). मेमधे दुपारी ३ पर्यंत बाकावर बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी, नाव पुकारलंच नाही. घरी येऊन मला म्हणाली, अरे मी असेपर्यंत लागेल ना निकाल? मला उत्तर देता आलं नाही.

थोडं वाचलंय मी. १९७९ च्या हुसैनआरा खातून केसमधे जलद सुनावणी संविधानाच्या कलम २१ मधे (जगण्याचा हक्क) धरली, पण ते बिहारच्या कच्च्या कैद्यांचं होतं. २०१६ च्या अनिता कुशवाहा केसमधे मात्र सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी न्याय मिळवता येणं हाच कलम १४ (समानता) आणि २१ चा हक्क मानला आणि त्यात निकाल वेळेत लागणंही आलं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १७ मधे एका पक्षाला तीनच तहकुब्या लिहिल्यात. मग हे सगळं आत्यापर्यंत पोचवायचं कसं? संविधानाच्या कलम २२७ खाली (खालच्या कोर्टांवर हायकोर्टाची देखरेख) हायकोर्टाच्या इथल्या बेंचकडे गेलो तर खालचे साहेब नाराज होतील असं आमचे वकील म्हणतात, खरंय का?

उत्तर: दादा, नाराजीची भीती सोडा, लवकर निकाल लावा असे आदेश हायकोर्ट देतं. पण आधी पूर्ण ऑर्डरशीटची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) नक्कल काढा, कोणी किती तारखा घेतल्या ते त्यातच दिसेल. मग वयाचं कारण देऊन त्याच कोर्टात लवकर सुनावणीचा अर्ज लावा आणि पुढच्या तहकुबीला लेखी विरोध करून समोरच्यांकडून खर्च मागा. त्यानेही हललं नाही तर २२७. वकिलाचे पैसे जड जात असतील तर बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मूळ धागाकर्ता: खूप आभार. मोफत वकिलाचं माहीतच नव्हतं, आत्या पेन्शनमधून फी देतेय इतकी वर्षं. नकलेचा अर्ज सोमवारीच देतो. वकील बदलायचा तर जुन्यांची एनओसी लागेल का?