पहिली रायफल: नेमबाजी आणि घराचं संरक्षण, दोन्हीसाठी कोणती घ्यावी?

निळी_सावली

नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी रेंजवर प्राथमिक वर्ग लावला. क्लबच्या एअर रायफलवर १० मीटर, आणि शेवटी शेवटी दोनदा .२२ वर (०.२२ इंची काडतुसाची रायफल) ५० मीटर. वय ३८. शाळा सुटल्यापासून खेळाशी संबंध नव्हता, पण नेम धरला की डोक्यातला सगळा गलका थांबतो हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि आता सोडवत नाही. स्वतःची रायफल घ्यायची आहे.

अडचण अशी की गेल्या महिन्यात आमच्या ओळीतल्या एका घरात रात्री चोर शिरले. माणसं आत झोपलेली होती. तेव्हापासून नवरा म्हणतोय की एवढा खर्च करतोच आहोत, तर वेळप्रसंगी घरातही उपयोगी पडेल अशी रायफल घेऊ. मलाही ते पटतंय. घरात दोन मुलं आहेत, १३ आणि ६ वर्षांची.

एअर घ्यावी की .२२? बोल्ट (दर गोळीनंतर हाताने भरायची) की सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी)? रेंजवर एकाने थेट .२२३ (बरंच जोरदार काडतूस) घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे दोन्ही कामं होतील. स्कोप लगेच लागेल का? जुनी मिळतेय ती घ्यावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पितळी_काडतूस

.२२ बोल्ट अ‍ॅक्शन. काडतूस इतर कुठल्याही काडतुसापेक्षा स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आणि दर गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावा लागतो म्हणून माणूस आपोआप सावकाश होतो. सेमी-ऑटोवर नवखा नेमबाज दहा गोळ्या सोडतो आणि त्यातली एकही त्याला आठवत नाही. सीझेड ४५७ ही तशीच बोल्ट रायफल हातात घेऊन बघा. .२२३ आत्ता नको.

दहाचा_ठिपका

ताई, तुम्ही दोन वेगळी कामं एकाच रायफलीच्या गळ्यात बांधताय. आधी ती गाठ सोडू, मग मॉडेलांकडे येऊ. मी वीसेक वर्षं नेम धरतोय आणि त्यातली बरीच वर्षं नवीन मुलांना रायफल निवडायला मदत केली आहे. थोडं लांबेल.

नेमबाजीची रायफल जड असते, लांब असते, तिचा ट्रिगर बोट टेकताच सुटेल इतका हलका ठेवलेला असतो. १० मीटर एअर रायफलचं वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि बहुतेक स्पर्धात्मक रायफली चार ते पाच किलोंच्या असतात. ते वजन मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण जड नळी कमी थरथरते. अशी वस्तू अंधारात, झोपेतून उठून, घाबरलेल्या अवस्थेत हातात घ्यायची, हे चित्रच मला नको वाटतं. तो हलका ट्रिगर रेंजवर वरदान आहे. थरथरत्या बोटाखाली तो धोका आहे.

दुसरं, गोळी कुठे थांबते. .२२ ला लोक खेळणं समजतात. तिची शिशाची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, सेकंदाला तीनशेहून अधिक मीटर वेगाने निघते आणि मोकळ्यावर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. लाकडी दार किंवा पातळ पार्टिशन तिला अडवत नाही. .२२३ ची ऊर्जा तर .२२ च्या दहापटीहून जास्त. रेंजवर गोळीमागे मातीचा बांध असतो. घरात भिंतीमागे मुलांची खोली असते.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. मुलं असलेल्या घरात रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि जमलं तर बोल्ट तिसऱ्या जागी. यात सवलत नाही. कपाटावर लपवून ठेवली तर सहा वर्षांच्या मुलाला ती जागा तुमच्याआधी माहीत होते. आता अशी तीन कुलपांतली रायफल रात्री दोन वाजता किती वेळात बाहेर येईल? आणि पटकन मिळावी म्हणून कुलूप काढलंत, तर वर्षाचे उरलेले ३६४ दिवस घरातला धोका तुम्हीच वाढवलात.

बऱ्याच देशांत खेळासाठीची परवानगी आणि स्वसंरक्षणासाठीची परवानगी वेगळी असते. एका कारणासाठी मिळालेलं शस्त्र दुसऱ्यासाठी जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. अर्जात कारण काय लिहिताय ते नीट तपासा.

म्हणून माझं मत: रायफल फक्त नेमासाठी घ्या. घराचा प्रश्न घराच्या दाराशी सोडवा.

आता मूळ निवड. मी आधी एअर रायफलच सुचवेन आणि .२२ क्लबची वापरायला सांगेन. १० मीटर लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा. ५० मीटरवर तोच दहा १०.४ मिलिमीटरचा. म्हणजे एअर रायफलवर कमीपणा काही नाही. १९८४ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. गोळीऐवजी अर्ध्या ग्रॅमचा सपाट डोक्याचा छर्रा, जो कागदात पंचने पाडावं तसं गोल भोक पाडतो. धक्का नाही, आवाज कमी, रोज सराव परवडतो. छर्ऱ्याने डोळा जातो आणि जवळून माणूस जिवानिशीही जाऊ शकतो, तेव्हा सुरक्षेचे नियम तेच.

एअरमध्ये स्प्रिंगची की पीसीपी (आधीच दाबाने हवा भरून ठेवलेली), हा पुढचा प्रश्न येईलच. स्प्रिंगची नळी मोडून ताणायची रायफल स्वस्त आणि टिकाऊ. वायराउख एचडब्ल्यू ३० सारखी छोटी रायफल शिकायला उत्तम. पण तिच्यात छर्रा नळीतून सुटण्याआधीच पिस्टन धावतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे हलते. घट्ट आवळली की नेम फिस्कटतो. ती तळहातावर सैल ठेवावी लागते, हे जमायला काही आठवडे जातात. शिवाय छर्रा न घालता तिचा घोडा कधीही ओढायचा नाही, पिस्टन समोरच्या भिंतीवर आदळतो. पीसीपीमध्ये २०० किंवा ३०० बारने भरलेला हवेचा सिलिंडर असतो, हालचाल जवळपास शून्य, आणि बहुतेक मॅच (म्हणजे स्पर्धेच्या) रायफलींना ड्राय फायरिंगची सोय असते. घरी छर्ऱ्याशिवाय, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून रोज वीस मिनिटं ड्राय फायरिंग केलंत तर महिन्याभरात गुण सरकतात. स्पर्धेकडे जायचं असेल तर पीसीपी.

स्कोप नको. रायफलच्या ऑलिंपिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही, डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून बघायची, भिंगाशिवायची) असते. आणि साधे स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, १० मीटरवर डोकं जरा हललं की क्रॉस सरकलेला दिसतो.

शेवटी एक काम आजच करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दाराची कडी बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कडी तिथेच राहते तो तुमचा मुख्य डोळा. काय निघालं ते इथे लिहा. रायफल त्याच्यावर ठरते.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादातलं नेमबाजीचं सगळं मान्य. पण घराच्या भागावर थोडं बोलतो, कारण मी वस्तीपासून लांब राहतो आणि मदत यायला पाऊण तास लागतो. "दाराशी सोडवा" हे म्हणणं ज्याच्या शेजारी घरं आहेत त्याला सोपं आहे. माझ्याकडे संरक्षणासाठी रीतसर परवानगीचं शस्त्र आहे आणि त्याचा मला धीर वाटतो, हे मी लपवत नाही.

तरीही ताईंना मी तेच सांगेन. एका रात्री मागच्या खोलीत आवाज झाला म्हणून मी उठलो, पेटी उघडली, अंधारात पाच पावलं गेलो. समोर माझा भाऊ होता. उशिरा आलेला, कुणाला उठवू नये म्हणून दिवा न लावता पाणी पीत होता. मी काही केलं नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही आणि नंतरही कित्येक रात्री ते डोळ्यांसमोर येत राहिलं. दुसऱ्याच दिवशी बाहेर हालचालीवर लागणारे दिवे बसवले, पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवला, आणि घरातल्या सगळ्यांशी ठरवलं की उशिरा येणाऱ्याने आधी फोन करायचा.

दहाचा_ठिपका

@रात्रपाळी, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमची परिस्थिती वेगळी आहे, ते मान्य करतो. लांब राहणाऱ्याला मी हे इतक्या ठामपणे सांगू नये.

निळी_सावली

तुमचे प्रतिसाद रात्री दोघांनी बसून वाचले. भावाचा प्रसंग वाचून नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मोठा मुलगाही रात्री असाच पाणी प्यायला उठतो. त्या विषयावर आमचं आता एकमत आहे. रायफल नेमासाठीच.

डोळ्याचा प्रयोग केला. चार वेळा केला, चारही वेळा डावा! मी उजव्या हाताने लिहिते, क्लबमध्ये उजव्या खांद्यावरून मारते. म्हणजे आता काय?

पितळी_काडतूस

म्हणजे तुम्ही तीन महिने उजवीकडून मारताना डावा डोळा मिटून मारताय. बरोबर? त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि तासाभरात डोळा दमतो.

निळी_सावली

अगदी बरोबर. तिसाव्या छर्ऱ्यानंतर डोळ्यांतून पाणी येतं. मला वाटलं माझाच चष्म्याचा नंबर वाढला.

दहाचा_ठिपका

दोन वाटा आहेत. उजवीकडूनच मारायचं आणि डाव्या डोळ्यापुढे साइटला किंवा चष्म्याला छोटी पांढरट पट्टी लावायची. काळी नको, काळ्या पट्टीने झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दुसरीवरही परिणाम होतो. किंवा डाव्या खांद्यावर जायचं. तुमचे तीनच महिने झालेत, सवय हाडात उतरलेली नाही. मी डावीकडे जायला सांगेन. पहिला आठवडा स्वतःचाच हात परका वाटेल, नंतर बसतं.

म्हणूनच रायफल आता फोटो बघून घेऊ नका. डाव्या खांद्यावरून दोन-तीन वेगवेगळ्या हातात घ्या. दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी बघायची साधी युक्ती: दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. साइट समोर असली पाहिजे. मान वाकवून शोधावी लागली तर ती रायफल तुमची नाही, किंवा गालपट्टी वर-खाली होणारी हवी. तेरा वर्षांचा मुलगाही पुढे मारणार असेल तर लांबी कमी-जास्त होणारा दस्ताच घ्या.

जुनं_लोखंड

जुन्या रायफलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी माझी पहिली .२२ एका विक्रेत्याकडून "हौशी माणसाने जपून वापरलेली" म्हणून घेतली. बाहेरून आरशासारखी. घरी आणून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावरच्या भोकांचे घोळके) घेतले तर ५० मीटरवर वाटीएवढे. कारण नंतर समजलं: आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं सफाईची सळई नळीच्या तोंडाकडून घातली होती आणि तोंडाची कड एका बाजूने झिजली होती. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. ती बिघडली की बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही.

तेव्हा .२२ असेल तर रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, मागून प्रकाशाकडे नळी बघा, तोंडाची कड बोटाने आणि भिंगाने तपासा. रिमफायर रायफल (.२२ तशीच, पिन काडतुसाच्या कडेवर आपटते) रिकामी चालवून दाखवणाऱ्यालाही थांबवा, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खूण पडू शकते. पीसीपी एअर असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. बऱ्याच मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत १० वर्षांची असते, नंतर नवीन घ्यावा लागतो आणि सौदा तिथेच महाग पडतो.

जुनी एअर रायफल मात्र जरूर बघा. मॅच रायफलींच्या नळ्या हजारो छर्ऱ्यांनी झिजत नाहीत.

पितळी_काडतूस

माझं .२२ चं मत अजून तेच आहे, पण ताईंसाठी नाही. डाव्या हाताचा बोल्ट मिळवायला वेळ जाईल, आणि बऱ्याच एअर मॅच रायफली दोन्ही बाजूंनी चालतात, ग्रिप तेवढी बदलावी लागते. आधी डाव्या खांद्याची सवय एअरवर होऊ दे. आणि .२२ मागे पडते असं कुणी समजू नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्यपदक याच काडतुसावर जिंकलं.

निळी_सावली

तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं. डावीकडे सुरुवात केली. पहिले चार दिवस खरंच रडकुंडीला आले, छर्रे काळ्या गोलाच्या बाहेर. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून साठ छर्रे होतात आणि पाणी येत नाही.

क्लबमधल्या एक बाई मोठी रायफल घेतायत, त्यांची जुनी पीसीपी घेतेय. दस्ता आणि गालपट्टी दोन्ही सरकतात, मुलालाही बसते. डाव्या हाताची ग्रिप वेगळी मागवली. भिंतीत बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट आधी आलं, रायफल नंतर येईल. किल्ली आम्हा दोघांकडेच.

घराच्या दोन्ही दारांना आतून अडसर, बाहेर दिवे, आणि रात्री काही झालं तर सगळ्यांनी मुलांच्या खोलीत जमायचं, दार लावून फोन करायचा. धाकटीला दोनदा सराव दिला, तिला तो खेळ वाटतो.

जुनं_लोखंड

छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावा, शिसं असतं. सिलिंडरवरची तारीख बघितलीत का?

निळी_सावली

बघितली. अजून चार वर्षं आहेत.