लाखेच्या आणि व्हायनिलच्या जुन्या रेकॉर्ड्स: सुई, धुणं, वेग याबद्दल विचारायचं आहे

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. गुहागरच्या घराचं छप्पर काढायचं होतं, त्यामुळे माळा रिकामा करणं भागच होतं. अण्णांच्या (माझे सासरे) रेकॉर्ड्स ठाण्याला आणल्या आहेत. एक लोखंडी ट्रंक आणि दोन खोकी. ट्रंकेत जड, खाकी पाकिटांतल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या): बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, थोडे अब्दुल करीम खाँसाहेब. खोक्यांत एल.पी. आणि लहान ई.पी.; भीमसेन आणि कुमार गंधर्व जास्त. बऱ्याच एल.पी.वर पांढरी बुरशी आहे. ७८ पैकी एकीला कडेपासून आत दोनेक सेंटिमीटर केसासारखा तडा गेलाय.

अण्णा ८४ वर्षांचे आहेत. शाळेत शिक्षक होते, पेटी अजूनही वाजवतात. त्यांना हिराबाईंना ऐकायचंय, आणि मोबाइलवर नाही, याच रेकॉर्डवरून. घरात एच.एम.व्ही.चा जुना फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, पण चकती फिरत नाही. भाचा न्यू जर्सीहून त्याचा टर्नटेबल पाठवतो म्हणतोय. त्यावर ३३ आणि ४५ आहे, ७८ नाही.

अजून एकही रेकॉर्ड लावलेली नाही. त्याआधी विचारते: धुवायच्या कशा? कोणी आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगतं, कोणी फेविकॉलचा थर देऊन सोलून काढा म्हणतं. सुई कोणती घ्यायची? आणि पावसाळ्यात ठेवायच्या कुठे?

जुनी_तबकडी

मृण्मयीताई, आधी विचारलंत हे फार चांगलं झालं. पुण्यात आमचं रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सविस्तर लिहितो.

ट्रंक आणि खोकी वेगळीच राहू द्या. तुम्ही आणलेत ते दोन निरनिराळे पदार्थ आहेत. ७८ ची रेकॉर्ड म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. ती वाकत नाही, पडली की फुटते. एल.पी. म्हणजे पीव्हीसी, म्हणजेच व्हायनिल. ती फुटत नाही, पण ओरखडा चटकन पडतो आणि उन्हात पापडासारखी वाकडी होते. सुई, सुईवरचं वजन, धुणं, वेग, सगळं दोघींचं वेगळं. केवळ आकारावरून ओळखू नका, १० इंची एल.पी.सुद्धा निघायच्या. काळावरूनही नको. एल.पी. अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्डी साठच्या दशकातही निघत होत्या. लेबलवरचा वेग वाचा आणि हातात धरून वजन बघा.

आता सुई, कारण खरं नुकसान तिथेच होतं. एल.पी.च्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८ च्या सुईचं ७५ च्या आसपास. एल.पी.ची सुई ७८ च्या रुंद चरीत (गाणं कोरलेल्या खाचेत) घातली की ती भिंतींना न टेकता तळाशी घासत जाते. तळाशी असते पन्नास-साठ वर्षांची धूळ. तुम्हाला हिराबाई ऐकू येतील, पण खरखरीच्या मागे, आणि अण्णा म्हणतील रेकॉर्ड खराब झाली. रेकॉर्ड बहुतेक चांगलीच असते! उलट ७८ ची सुई एल.पी.वर ठेवलीत तर चरी कायमच्या फाटतात.

त्यामुळे सुई बदलता येईल असंच कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ते डोकं) घ्या. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सोयीची आहे. कार्ट्रिज तेच ठेवून पुढची सुई ओढून काढता येते. एल.पी.साठी 'ई' सुई २ ग्रॅमवर, ७८ साठी 'एसपी' सुई ५ ग्रॅमवर. हे वजन अंदाजाने लावू नका. पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते असं बरेच लोक समजतात, पण हलकी सुई चरीत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते. त्या सुईसाठी कंपनीने दिलेल्या मर्यादेतला मधला आकडा धरा.

फिएस्टाची चकती बहुधा आतलं रबरी चाक कडक झाल्यामुळे अडली असेल, किंवा जुनं ग्रीस गोठलं असेल. दोन्ही दुरुस्त होतं. अण्णांची आठवण म्हणून जरूर चालू करा. मात्र त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज जड असतं आणि सुई कित्येक वर्षं बदललेली नसणार. चांगल्या एल.पी. त्यावर लावू नका. कोणी चावीचा फोनो आणून दिला तर त्यावर एल.पी. कधीच नाही. त्याच्या साउंडबॉक्सचं (पिन बसते त्या डोक्याचं) वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं. लाखेच्या रेकॉर्डीलासुद्धा दर बाजूला नवी पोलादी पिन लागते, कारण रेकॉर्डीतली दगडाची पूडच त्या पिनेचं टोक झिजवते.

धुणं. लाखेच्या रेकॉर्डीला अल्कोहोल लावायचं नाही. आयसोप्रोपिल नाही, स्पिरिट नाही, अत्तराचा फवाराही नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाले लाकडाला जे लाखेचं पॉलिश करतात ते असंच बनतं. एकदा पुसलीत की वरचा थर गेला, त्याबरोबर गाणंही गेलं. डिस्टिल्ड वॉटर घ्या (बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो), त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रशने चरीच्या दिशेने गोल फिरवा. भिजत ठेवू नका. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी करून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. नळाचं किंवा बोअरचं पाणी टाळा, त्यातले क्षार चरीत सुकून बसतात.

एल.पी. याच पद्धतीने धुता येते, ती पाण्याला जास्त सोसते. लेबलचा व्यास १० सेंटिमीटर असतो, तेवढं डब्याचं झाकण त्यावर दाबून धरलं की काम सोपं होतं.

तडा गेलेलीला टेप नको, गोंद नको. हलक्या इलेक्ट्रिक पिकअपवर एकदाच लावा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करून घ्या.

एडिसनकर

भाच्याच्या टर्नटेबलबद्दल लिहितो, कारण इथून, अमेरिकेतून, भारतात मशीन नेणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी हे नेहमी सांगतो. पाठवण्याआधी त्याला मागची पट्टी वाचायला सांगा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल आणि मोटर थेट एसीवर चालणारी असेल तर थांबा.

सगळे व्होल्टेज बघतात आणि ट्रान्सफॉर्मर घेतात. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ६०, भारतात ५०. म्हणजे ३३⅓ च्या जागी मिनिटाला २७.८ फेरे. सूर साधारण तीन अर्धस्वरांनी, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी खाली येतो: काळी चारमधलं गाणं जवळजवळ पांढरी चारला ऐकू येईल. भीमसेनजींचा आवाज ओळखू येणार नाही.

काही कंपन्या ५० हर्ट्झची वेगळी पुली (मोटरवरचं छोटं चाक) देत असत. ती मिळाली तर प्रश्न सुटतो. मोटर डीसी असेल किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर वेगाची अडचण येत नाही, फक्त व्होल्टेजचं बघावं लागतं. अॅडॉप्टर बाहेर असला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. त्यावर 'आउटपुट एसी' असेल तर गोष्ट तीच. 'आउटपुट डीसी' आणि 'इनपुट १००-२४०' असेल तर बिनधास्त मागवा.

साळगावची_सुलक्षणा

आमचं घर गोव्यात, साळगावला. पावसाचे चार महिने भिंतींना हात लावला तरी ओल लागते, तेव्हा साठवणीबद्दल सांगते.

बुरशी आधी. घरात झटकू नका, बीजाणू सगळीकडे पसरतात. बाल्कनीत, नाकाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने बाहेरच काढा आणि मगच वर सांगितलंय तसं धुवा. आतली जुनी कागदी पाकिटं टाकून द्या, बुरशी त्यांतच राहते. धुतलेली एल.पी. त्याच पाकिटात घातली की पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर मात्र जपा. कोरड्या दिवशी सावलीत उघडं ठेवा आणि रेकॉर्ड पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नका. नवी आतली पाकिटं पॉलिथिनची घ्या. मऊ, चकचकीत पीव्हीसीची नको. ती वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर रेकॉर्डीवर धुरकट डाग उमटतो.

ठेवायच्या उभ्या. तिरक्या नाही, एकावर एक नाही. लाखेच्या तर एकमेकींच्या वजनाने तडकतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, खालचा खण जमिनीपासून वर. फळी जाड लागते. शंभर एल.पी. कव्हरसकट वीस किलोच्या पुढे जातात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या मी ठेवत नाही, कव्हरांना वास लागतो तो जात नाही. आणि माळ्यावर परत नको. कौलांखाली किंवा पत्र्याखाली एप्रिल-मेची उष्णता एल.पी.ला सोसत नाही.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने पट्टीचा फोटो पाठवला: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, एसी. त्यामुळे तो नको म्हटलं. इथेच ७८ चा वेग असलेला घेतो. फेविकॉलचं कोणीच लिहिलं नाही, ते करू का? आणि अण्णांचा प्रश्न आहे: ट्रंकेतल्या सगळ्यात जुन्या रेकॉर्डी खरोखर ७८ वरच लावायच्या का? त्यांच्या आठवणीत वडील चावीच्या फोनोचा वेग गाण्यागणिक हलवायचे.

जुनी_तबकडी

फेविकॉलचं आधी. कल्पना अशी की गोंदाचा थर सुकताना चरीतली धूळ धरतो आणि सोलताना घेऊन येतो. व्हायनिलवर हे करणारे लोक आहेत. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. थर एका जागी पातळ राहिला की तिथे तुटतो आणि चरीत गोंदाचा तुकडा बसतो, तो काढताना रेकॉर्ड जाते. लाखेवर तर विचारही नको, सोलताना पृष्ठभागच सुटून येईल. पाणी आणि धीर एवढंच पुरतं.

अण्णांचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. त्यांचे वडील बरोबर करत होते. १९२५ च्या सुमारास इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं, त्यानंतर ७८ हा वेग हळूहळू पक्का झाला. त्याआधीच्या रेकॉर्डी कंपनीगणिक, कधी एकाच बैठकीतही, थोड्या कमी-जास्त वेगाने कोरलेल्या असत. कमी वेगाने कोरलेल्या ७८ वर लावल्या की गवई घाईत आणि चढ्या पट्टीत गातोय असं वाटतं. म्हणून टर्नटेबल घेताना वेग थोडा वर-खाली करायची सोय आहे ना ते बघाच.

आणि इथे तुमच्याकडे अण्णा आहेत. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असलेला आणि पेटी वाजवणारा माणूस कुठल्याही मीटरपेक्षा उपयोगाचा. रेकॉर्ड चालू असताना त्यांनी पेटीवर षड्ज धरावा, तुम्ही वेग हलवा. पट्टी जुळली, आणि स्वर व दम नैसर्गिक वाटला, की तो वेग लेबलच्या फोटोबरोबर वहीत लिहून ठेवा. आधी मूळ वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती वापरा (वेग बरोबर असला की तिच्यावरच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसतात): ५० हर्ट्झला ३३⅓ साठी १८० रेघा, ७८ साठी ७७. अमेरिकन चकतीवर २१६ आणि ९२ रेघा असतात, ती इथे उपयोगाची नाही. एलईडी दिव्याखाली रेघा नीट स्थिर दिसत नाहीत, निऑनचा छोटा इंडिकेटर दिवा घ्या.

आणखी एक. ७८ च्या रेकॉर्डी मोनो आहेत, गाणं चरीच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही ऐकवतं, आणि ती निव्वळ खरखर असते. अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर संगणकावर दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर लक्षात येण्याइतकी कमी होते. हेच जुन्या मोनो एल.पी.लाही लागू.

संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. पहिली फाइल जशी आली तशीच जपा, तिच्यावर आवाज साफ करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. साफसफाई प्रतीवर करा. ही सॉफ्टवेअर हिराबाईंच्या तानेतले बारीक कण खरखर समजून पुसतात, हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. प्रत्येक बाजूच्या लेबलचा फोटो घ्या आणि लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर उतरवून घ्या. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स याच कामात आहे. एखादी रेकॉर्ड ओळखता आली नाही तर अशा लोकांना तो नंबरच लागतो.

फिएस्टाच्या चकतीखालच्या रबरी चाकाचा फोटो इथे टाका, व्यास मोजून लिहा. कोणाकडे कुठे मिळेल ते सांगतो.