निकाल १०० टक्के लागलेल्या प्रशालेत लेकीला नववीला ठेवावं का?

गिरणीवाली

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे. लेक यंदा आठवी पास झाली, जिल्हा परिषदेच्या प्रशालेत, सेमीला. प्रशालेच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागलाय, 'दहावीचा निकाल १०० टक्के, यशाची परंपरा कायम'. खाली पोरापोरींचे फोटो. आमचे हे म्हणतात, अजून काय पाहिजे, राहू दे तिथंच.

मीही तेच म्हणत होते. पण मागच्या आठवड्यात एक बाई ज्वारी दळायला आली. तिचा मुलगा नववीत माझ्या पुतण्याच्या वर्गात होता. "फोटोत नाही दिसला तुमचा," म्हटलं. तर म्हणाली, त्याला नववीतच बसवलं, मग तो गेलाच नाही शाळेत, आता वीटभट्टीवर असतो. डब्यात पीठ दाबून भरता भरता सांगितलं तिनं, बाजारभाव सांगावा तसं.

घरी येऊन पुतण्याला विचारलं, नववीत किती होता रे तुम्ही? म्हणाला ६१. आणि दहावीचा फॉर्म किती जणांनी भरला? ४४. मग १७ लेकरं गेली कुठं?

बारा किलोमीटरवर एक इंग्लिश स्कूल आहे, विनाअनुदानित. फी वर्षाला चाळीस हजार, बस वेगळी. तिथं टाकावं का इथंच ठेवावं? स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

शंकरपट

ताई, काढा तिथून. आमचा मोठा अशाच प्रशालेत होता. गणिताच्या सरांची जागा दोन वर्षं रिकामी. मराठीचे सर गणित शिकवायचे, म्हणजे गाईड फळ्यावर उतरवून द्यायचे. दहावीला गणितात १०० पैकी ४१, त्यातले १८ अंतर्गतचे. २० पैकी १८ शाळेनं हातानं दिलेले आणि ८० च्या पेपरात २३. हा तुमचा १०० टक्के निकाल. धाकट्याला इंग्लिश स्कूलला टाकलंय, पोटाला चिमटा काढून. पश्चात्ताप नाही.

आणि २०२५ ला अख्ख्या राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. एवढे पास होत असतील तर १०० चा फ्लेक्स लावून काय मोठा तीर मारला?

खडू-डस्टर

मी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला शिक्षक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. शंकरपट भाऊंच्या गणिताच्या सरांबद्दल आधी बोलतो. ती जागा सरांनी रिकामी ठेवलेली नसते. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते, पटावर ठरते. पट घसरला की पद जातं, पद गेलं की पालक लेकरं काढून नेतात, की पट आणखी घसरतो. भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, ती निघेल तेव्हा निघेल. तोवर तासिकेवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, कुणी मिळालं तर नशीब. वर आम्ही बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम करणारे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना शिक्षक लावता येतो. वाचायला बरं वाटतं. पण मतदार यादीचं काम बाराही महिने निघतं.

आता त्या १७ लेकरांबद्दल. सगळी काही नापास केलेली नसतात. आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, लेकरं हजेरीवर असतात आणि असतात कर्नाटकात. काही मुलींची लग्नं होतात, हे तुम्हालाही माहीत आहे. उरलेली नापास असतील, तर माझा उलटा प्रश्न आहे. आठवीपर्यंत ढकलत आलेलं, जोडाक्षर वाचता न येणारं लेकरू नववीत माझ्यासमोर बसतं. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आलीय, पण मागचं साचलेलं कुठं जाईल? त्याला तसंच दहावीत ढकलायचं? तिथं ते नापास होणारच. आणि निकाल पडला की नोटीस मुख्याध्यापकाला येते, पालकाला नाही.

बॅच ०८

सगळं मान्य, पण प्रशालेला एवढं तोडू नका. मीही मराठवाड्यातल्याच प्रशालेचा. निजामाच्या काळातली दगडी इमारत, दोन हात जाड भिंती, एप्रिलमध्येही वर्गात गार. भूमितीचे सर प्रमेय सिद्ध झालं की खडू खिशात टाकून खिडकीपाशी जायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही पुसा आणि तुम्ही मांडा. अर्धा तास कुणी काही बोलायचं नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला कॉन्व्हेंटची पोरं भेटली, मी काही त्यांच्या मागे पडलो नाही. इंग्रजी बोलायला वर्ष गेलं, एवढंच.

शंकरपट

बॅच ०८ दादा, ते सर रिटायर झाले. आता खिडकी उरलीय.

सतरा नंबर

आकडा बघून हसू आलं. ६१ वजा ४४, सतरा. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्मही १७ नंबरचाच. मीही त्यातलाच, गाव वेगळं, साल वेगळं.

खडू-डस्टर सर, राग मानू नका, पण तुमच्या 'ढकलायचं का' याला उत्तर आहे. दहावीत नापास झालेल्याला जून-जुलैत पुरवणी परीक्षा मिळते. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. नववीत नापास झालेल्याला काय मिळतं? अख्खं वर्ष पुन्हा, आपल्याहून लहान पोरांत, मागच्या बाकावर. मग दहावीचं नापास लेकराला जास्त महाग पडतं की नववीचं? नववीचं. आणि शाळेला? दहावीचं. म्हणून नववीत चाळण लागते. यात तुमचा एकट्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही.

माझं काय झालं सांगतो. एप्रिलअखेर वडिलांना बोलावलं. वर्गशिक्षक फार गोड बोलले. "याला पास करतो, पण दाखला घेऊन जा. इथं दहावीला बसवला तर बिचारा अडकेल, बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा." वडिलांना वाटलं, सरांनी उपकार केले. त्यांनी सरांना भाजीची पिशवी नेऊन दिली. मला ती पिशवी अजून दिसते, मेथी आणि वांगी. त्या वर्षी आमच्या शाळेचाही निकाल १०० टक्के लागला. मी १७ नंबरवाला, बोर्डाच्या लेखी त्या वर्गातला नव्हतोच.

ताई, फ्लेक्सवर फक्त दहावी असते. शाळा बघायची तर नववीत किती आले आणि दहावीला किती बसले, तेवढंच विचारा. इंग्लिश स्कूलमध्येही हेच विचारा. तिथं तर मे महिन्यात 'तुमच्या पाल्याला आमचा अभ्यासक्रम झेपत नाही' म्हणून दाखला हातात देतात. फी भरलेली असली तरी.

दहावी ब

मी यंदा दहावीला आहे, अशाच शाळेत. मोठ्या माणसांनी सगळं आधीच ठरवून टाकलंय म्हणून लिहितेय.

आमचे सायन्सचे सर भारी आहेत. दिवाळीच्या सुट्टीतही बोलावतात, पैसे घेत नाहीत. प्रयोगशाळा आहे पण मायक्रोस्कोप एकच चालतो. कांद्याची साल बघायला रांग लागते आणि आपला नंबर येईपर्यंत ती वाळते. मुलींच्या टॉयलेटला कुलूप असतं, किल्ली शिपाईकाकांकडे. काका बँकेत गेले की मग काय. आम्ही सकाळपासून पाणीच कमी पितो. निकालावर एवढं बोललात, हे कोणी विचारलंच नाही.

आणि नववीला माझी मैत्रीण नापास झाली. जूनमध्ये तिचं लग्न ठरलं.

खडू-डस्टर

सतरा नंबर, राग नाही आला. दाखला देऊन बाहेरून बसवायला सांगणं चूकच आहे आणि आमच्या स्टाफरूममध्येही एप्रिलमध्ये हा विषय निघतो. मी गप्प बसलेलो आहे, हेही सांगतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आरटीई आठवीला संपतो. पोषण आहार आठवीला संपतो, फुकट पुस्तकं आठवीला संपतात. जेवण बंद, पुस्तकं विकत, विषय अवघड, तिन्ही एकाच जूनमध्ये. दुपारच्या खिचडीवर येणारं लेकरू नववीत दुपारी येतच नाही. चाळण आम्ही लावतो ती एप्रिलमध्ये. त्याआधी ही एक लागून गेलेली असते.

किल्लीबद्दल: बेटा, ती वर्गप्रतिनिधी मुलीकडे द्यायला सांग. आमच्याकडे तसंच आहे.

हिशोबी

गिरणीवाली ताई, एक महत्त्वाचं कोणीच विचारलं नाही. लेकीनं आठवीत एनएमएमएस, ती शिष्यवृत्तीची परीक्षा, दिली होती का? लागली असेल तर वर्षाला १२,००० असे बारावीपर्यंत चार वर्षं मिळतात. पण ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नाहीतर अनुदानित शाळेत शिकणाऱ्यालाच. विनाअनुदानित इंग्लिश स्कूलला नेली की बंद. म्हणजे चाळीस हजार आणि वर बारा हजार, बसचे वेगळेच. शिवाय आठवीपर्यंत इतिहास-भूगोल मराठीत शिकलेल्या मुलीला नववीत सगळंच इंग्रजीत, हे मी भाचीच्या बाबतीत बघितलंय. पहिल्या चाचणीला तिनं भूगोलाच्या पेपरात नुसत्या आकृत्या काढल्या होत्या.

ज्यांची लेक बाहेरगावाहून येते त्यांनी अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पासही धरावा.

शंकरपट

हिशोबी भाऊ, बारा हजारांसाठी लेकीचं गणित घालवायचं का? गणिताचे सर नसतील तर ते पैसे शिकवणीलाच जाणार.

हिशोबी

जाऊ देत की. शिकवणी लावूनही चाळीस हजार वाचतात.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. एनएमएमएस लागलीय, हिशोबी भाऊ. ती शाळा बदलल्यावर जाते हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

आज प्रशालेत जाऊन आले. गणिताच्या बाई आहेत, तासिकेवर, पण आहेत. त्या १७ लेकरांचं विचारलं तर प्रभारी मुख्याध्यापक म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे, तुम्हाला काय काळजी?" याचं उत्तर मला तिथं सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. लेक तिथंच राहील. किल्लीचं आम्ही चौघी आया शनिवारी बाजार उरकून विचारायला जाणार आहोत.

सतरा नंबर भाऊ, तो फॉर्म कधी निघतो? त्या बाईच्या मुलासाठी विचारतेय.

सतरा नंबर

पावसाळ्यात निघतो, ऑनलाइन, बोर्डाच्या साइटवर. उशीर झाला की विलंब शुल्क लागतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागेल. दाखला आत्ताच काढून ठेवायला सांगा, ऐनवेळी क्लार्क रजेवर असतो. केंद्र म्हणून प्रशालाच निवडा, प्रकल्प आणि प्रात्यक्षिकाला तिथंच जावं लागतं. आणि त्याला माझा नंबर हवा असेल तर इथं मेसेज करा, मी फॉर्म भरून देईन.