जहाज साडेपाचला सुटणार, तोवर तुम्ही काय केलंत?

क्रूझ करून आलेले लोक बुफे, शो, स्विमिंग पूल सगळं रंगवून सांगतात, पण मधल्या बंदरात सातआठ तास मिळतात त्यात काय केलं ते कोणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा. काय बघितलं, काय खाल्लं, कुठे पचका झाला, सगळं येऊ द्या.

सुरुवात मी करते. नेपल्सला उतरलो, जहाजाची पॉम्पेई टूर महाग वाटली म्हणून आम्ही दोघंच लोकल ट्रेनने गेलो, पर्स पोटाशी धरून, उभ्याने. पॉम्पेई स्कावी स्टेशनच्या बाहेर आलं की गेट जवळच. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं गाव वगैरे माहीत होतंच, पण मला वेड लावलं ते रस्त्यांनी. दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल खाचा! 'चाकोरी' शब्द आपण उठसूट वापरतो, मी ती तिथे पहिल्यांदा बघितली, बोटं घालून बघितली. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड आणि त्यांच्यात बरोबर चाक जाईल एवढी फट. या नादात परतीची एक ट्रेन चुकली आणि धक्क्यावर जे धावलोय... सँडलचा बंद तिथेच तुटला.

*

आम्ही ग्रीसचं सँटोरिनी बेट. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर खेचर, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. जाताना केबल कारने मजेत गेलो. परत यायला ही लांब रांग, कारण एकाच दिवशी तीन जहाजं आलेली. नवरा म्हणाला, रायगड उतरलोय आपण, हे काय! अहो पण रायगडावर खेचरांची लीद नव्हती ना. पायऱ्या झिजून गुळगुळीत, त्यात ती लीद, वरून खेचरं धडधडत येणार की आपण भिंतीला चिकटायचं. निळे घुमट, पांढरी घरं सगळं सुंदर होतं हो, पण घरी अजून त्या लीदेचीच गोष्ट निघते.

*

दुसऱ्या बाजूने लिहितो. मी सात वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला होतो, गाव मालवणजवळ. बार्सिलोनाला वीसेक वेळा तरी लागलो असेन, तिथलं प्रसिद्ध चर्च सग्रादा फॅमिलिया, ती एकदाच बघितली आणि तीही बाहेरून. ब्रेक दोन-तीन तासांचा, त्यात कधी आपली आयपीएमची पाळी, म्हणजे जहाज बंदरात असताना इमर्जन्सीसाठी ठराविक क्रूने वरच थांबायचं. सुटलो की पहिलं काम वायफाय. टर्मिनलजवळच्या कॅफेत एक कॉफी घेऊन सगळे कोपऱ्याकोपऱ्यात घरी व्हिडिओ कॉल करत बसलेले असायचे. माझ्या मुलीला बरेच दिवस वाटायचं की बाबा हॉटेलात राहतो.

आणि त्या धावणाऱ्या लोकांना आम्ही वरून बघायचो बरं का ताई! दोन गोष्टी सांगतो. घड्याळ शिप टाइमवर ठेवा, मोबाइल काही ठिकाणी आपोआप तिथली वेळ पकडतो आणि घात होतो. दुसरं, जहाजाची स्वतःची टूर उशिरा आली तर थांबतात, तुम्ही आपापले गेलात तर नाही. मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं.

*

मलेशियातलं पेनांग, आईसोबत. जॉर्जटाउनमध्ये धक्क्यावरून चालतच लिटल इंडिया, केळीच्या पानावर भात-रसम, आई खूश. मग च्यू जेट्टी, समुद्रात खांब रोवून त्यावर चिनी वस्तीची लाकडी घरं, फळ्यांमधून खाली पाणी दिसतं. आई म्हणे, हातातलं काही पडलं की गेलंच.

*

अलास्का क्रूझला केचिकन. भिजलो. बाकीचे वैतागलेले, मी रत्नागिरीची, मला काय त्याचं, उलट माहेरी आल्यासारखं वाटलं, तिथे वर्षाला पाऊसही जवळपास आपल्याएवढाच. ऑगस्टमध्ये गेलो होतो, क्रीक स्ट्रीटच्या लाकडी रस्त्याखालच्या ओढ्यात सामन मासे उलट्या प्रवाहात चढत होते, अंगावर पांढरे चट्टे, शेपट्या फाटलेल्या. अंडी घातली की मरतात. काठाला मेलेल्यांचा वास, बायका नाकाला रुमाल लावून फोटो काढत होत्या. मी तासभर तिथेच. खरेदी शून्य, नवरा खूश!

*

एवढ्या लांब कशाला, आम्ही मुंबईहून कोचीला गेलो क्रूझने. शहाण्यासारखे शनिवारी मट्टांचेरीला पोचलो आणि १५६८ चं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद! टूर न घेतल्याबद्दल बायकोने ऐकवलं ते ऐकवलंच. मग मिरी घ्यायला एका दुकानात शिरलो, आम्ही आपसात कोकणीत बोलतोय की हा जास्त सांगतोय, तर गल्ल्यावरचे आजोबा त्यांच्या कोकणीत म्हणाले, जास्त नाही सांगत. गोव्यातून शेकडो वर्षांपूर्वी आलेली कुटुंबं आहेत तिथे. हेल वेगळा, शब्द आमचेच. पुढचा तास तिथेच गेला, मिरीही बरीच जास्त घेतली, अजून संपत नाहीये.