काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे आणि काचेवरचे पांढरे डाग: घरच्या घरी काय करता येईल?

प्रश्न

माझी काळ्या रंगाची गाडी तीन वर्षांची झाली. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची आणि आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण कालवून धुवायची, असा माझा पहिल्या दिवसापासूनचा क्रम आहे. गाडीची निगा मी मनापासून राखतो, म्हणूनच परवा उतरत्या उन्हात बॉनेटकडे लक्ष गेले तेव्हा फार वाईट वाटले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे पसरलेले होते. सावलीत त्यांपैकी एकही दिसत नाही.

दुसरी अडचण दर्शनी काचेची आहे. धुण्याचे पाणी कूपनलिकेचे असल्यामुळे त्याचे थेंब जिथे वाळतात तिथे पांढरी कडी उमटतात आणि ती आता साबणानेही निघत नाहीत. शिवाय पावसात रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर असा फाकतो की क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. एका परिचितांनी थेट सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर, करून घेण्यास सुचवले आहे. त्याने हे दोन्ही प्रश्न सुटतील का, की आधी आणखी काही करायला हवे?

पहिला प्रतिसाद

कोटिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ओरखडे असलेल्या रंगावर कोटिंग चढवले, तर ते त्याखाली जसेच्या तसे राहतात, आणि ज्या सवयीमुळे ते पडले ती सवय कायम राहिली तर कोटिंगवरही पडतात.

आपल्याला दिसलेले ओरखडे मुळात गोल नाहीत. ते सर्व दिशांना गेलेले सरळ किंवा किंचित वाकडे ओरखडे आहेत. त्यांपैकी ज्यांची कड प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवते तेवढेच चमकतात, म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळाचा भास होतो. बॉनेटसमोर उभे राहून डोके थोडे उजवीकडे न्या; सूर्याच्या प्रतिबिंबाबरोबर ते जाळेही सरकताना दिसेल. म्हणजेच ओरखडे एका जागी नसून सगळ्या बॉनेटवर आहेत, आणि त्यांचे मुख्य कारण रोजचे कोरडे पुसणे हेच आहे. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कठीण असतात. फडके फिरवताना आपण तेच कण दाबून ओढत असतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या जवळपास निम्म्या जाडीचा असतो, हे एकदा लक्षात आले की कोरडे फडके उचलायला हातच धजत नाही.

तेव्हा रोजचे पुसणे आजपासून बंद करा. धूळ बसलेली गाडी नुसती उभी असेल तर तिच्या रंगाला फारसे काही होत नाही. धुताना गाडी सावलीत घ्या, बॉनेटला तळहात लावून ते थंड असल्याची खात्री करा आणि साबणाला हात लावण्याआधी भरपूर पाण्याने वरून खाली धूळ वाहून जाऊ द्या. या पहिल्या पाण्यात कंजुषी करू नये, कारण जो कण पाण्याने गेला तो फडक्याखाली येत नाही. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, हातमोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. छतापासून सुरुवात करून दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी घ्यावेत. चाकांसाठी फडके आणि बादली पूर्णपणे वेगळी हवी, कारण तिथे ब्रेकच्या झिजेतून आलेली लोखंडी पूड असते. गाडी धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ अवश्य पाहा. तिथे जो करडा गाळ बसलेला दिसेल, तो आजवर रंगावर फिरत होता.

भांड्यांच्या साबणाने रंग लगेच खराब होत नाही, परंतु तो तेलकटपणा काढण्यासाठीच केलेला असल्यामुळे रंगावरचे वॅक्स, म्हणजे मेणासारखा संरक्षक थर, झपाट्याने उतरवतो. गाडीच्या शॅम्पूने हातमोजा बुळबुळीत राहतो, आणि त्या निसरडेपणाचाच खरा उपयोग असतो.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसाद रंगाविषयी असल्याने मी काचेविषयी लिहितो. हा प्रश्न दिसण्यापुरता नाही, रात्रीच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो आपण आधी हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पांढरी कडी म्हणजे मळ नव्हे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळताना त्याच्या काठाशी साचतात. साबण तेलकटपणा सोडवतो, क्षार सोडवत नाही. ते आम्लात विरघळतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात भिजवलेले फडके थंड काचेवर दोन-तीन मिनिटे अंथरून ठेवा, मग हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवा. गाडी संगमरवरी किंवा चुनखडीच्या फरशीवर उभी असेल तर हे काम तिथे करू नका, कारण तेच आम्ल फरशीची चकाकी घालवते. व्हिनेगरनेही जे डाग हलत नाहीत, त्यांच्यासाठी सेरियम ऑक्साइड असलेले काचेचे पॉलिश ओल्या पॅडने, हातानेच घासावे. यंत्र एकाच जागी फार वेळ फिरवले तर काच तापून तडकण्याची भीती असते.

रात्री दिवा फाकण्याचे कारण बहुधा निराळे आहे. रस्त्यावरून उडणारा तेलकट अंश आणि काचेवर ओघळलेले वॅक्स यांचा पातळ थर वायपर फक्त पसरवत राहतो. काच धुतल्यावर तिच्यावर साधे पाणी सोडून पाहा. पाणी एकसंध पडद्यासारखे पसरले तर काच स्वच्छ आहे. ते तुटून थेंबांचे पुंजके झाले, तर तेलकट थर अजून शिल्लक आहे. वायपरच्या रबराची धारही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावी. कापडावर उमटणारी काळी रेघ पाहिली की निम्मा उलगडा तिथेच होतो.

आतली बाजू विसरू नका. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेच्या आत धुरकट थर धरते. आतून आडवे आणि बाहेरून उभे पुसले, तर राहिलेला ओघळ कोणत्या बाजूचा आहे हे लगेच कळते. काचेला फिल्म लावलेली असल्यास अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगरने बरीचशी कडी गेली आणि वायपरच्या रबरावरून खरोखरच काळी रेघ निघाली. दोन बादल्यांनी गाडी धुतली, गाळही पाहिला. परंतु धुतल्यावर बॉनेटवरून हात फिरवला तर ते खरखरीत लागते, आणि छतावर पक्ष्याच्या विष्ठेचा एक जुना ठसा धुऊनही तसाच आहे. या दोन्हींचे काय करावे?

तिसरा प्रतिसाद

खरखर म्हणजे रंगाला चिकटून बसलेले कण, जे धुण्याने सुटत नाहीत. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटांची टोके फिरवली तर ते अधिक स्पष्ट जाणवतात. त्यांच्यासाठी क्ले बार, म्हणजे कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, वापरतात. रंगावर शॅम्पूचे पाणी मुबलक ठेवून क्लेचा चपटा तुकडा अजिबात न दाबता सरकवा. आधी तो अडखळतो, मग कण निघाले की सरकन जाऊ लागतो. तुकडा वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी, आणि तो जमिनीवर पडला तर मोह न धरता टाकून द्यावा.

विष्ठेच्या ठशाबाबत मात्र आशा थोडी कमी ठेवा. विष्ठेत यूरिक आम्ल असते, आणि उन्हात मऊ झालेला क्लिअर कोट थंड होताना त्या वाळलेल्या थराभोवती घट्ट बसतो, त्यामुळे पृष्ठभागच बदललेला असतो. ठशावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर बारीक पॉलिशने तो फिका होईल. अडकत असेल तर तिथे थांबावे, कारण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा थोडा झिजवणे आणि तो परत येत नाही. यापुढे विष्ठा दिसताच तिच्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती उचलून घ्यावी, घासू नये.

गोल ओरखड्यांनाही हेच लागू आहे. एकदाच, सौम्य पॉलिशने आणि आधी हातभर जागेवर करून पाहावे. ते समाधानकारक झाल्यावरच संरक्षक थर निवडावा. कार्नोबा वॅक्स काही आठवडे टिकते, कृत्रिम सीलंट काही महिने, आणि सिरॅमिक कोटिंग नीट चढवले तर वर्ष-दोन वर्षे. माझा कल आपल्यासाठी सीलंटकडे आहे. ते लावणे सोपे आहे आणि चुकले तर पुसून पुन्हा लावता येते. मात्र कूपनलिकेच्या पाण्यात एक गोष्ट कोणताही थर करू शकत नाही. पाण्याचे थेंब गोल बसले तरी ते वाळले की क्षार मागे राहतातच, उलट थेंब उंच असल्यामुळे त्यांचा डाग अधिक ठसठशीत उमटतो. म्हणून शेवटचे पाणी शक्य असल्यास क्षार काढलेले किंवा पावसाचे घ्या आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल बॉनेटवर अंथरून, त्याचे एक टोक धरून अलगद ओढा. ते टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नका. त्याने धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो.